रॅग१ नॉकआउट उंदीर: कशासाठी घ्यावा आणि कशासाठी घेऊ नये

अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीच्या यादीत ००२२१६ या क्रमांकाने नोंदलेला रॅग१ नॉकआउट (म्हणजे रॅग१ हे जनुक मुद्दाम बंद पाडलेला) उंदीर रोगप्रतिकारशास्त्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. माझे मत आधीच सांगतो: ‘या आजारात टी आणि बी पेशींचा (विशिष्ट जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) हात आहे की नाही’ या प्रश्नासाठी या उंदराला तोड नाही; मात्र प्रश्न त्याहून वेगळा असेल आणि केवळ सगळे वापरतात म्हणून आपणही मागवला, तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जाण्याची शक्यता मोठी आहे.

डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ऑटिंगर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८९ मध्ये रॅग१ हे जनुक प्रसिद्ध केले. या जनुकापासून बनणारे प्रथिन रॅग२ च्या जोडीने डीएनएचे ठरावीक ठिकाणी तुकडे करते आणि ते तुकडे नव्या क्रमाने जोडले गेले की प्रत्येक टी वा बी पेशीला स्वतःचा वेगळा ग्राहक (जंतू ओळखणारा रेणू, रिसेप्टर) मिळतो. १९९२ मध्ये पीटर मॉम्बर्ट्स, सुसुमू टोनेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक मोडलेला उंदीर तयार केला. ग्राहकच बनत नसल्यामुळे या उंदरात टी पेशींची वाढ थायमस या छातीतील ग्रंथीत सुरुवातीच्या टप्प्यावर अडते, तर बी पेशींची अस्थिमज्जेत.

जे वर्णन केले आहे ते हातात मिळते का, या कसोटीवर हा उंदीर पूर्ण उतरतो. शवविच्छेदनात थायमस शोधावा लागतो, इतका तो लहान असतो. प्लीहाही आखूड आणि बारीक दिसते, आणि तिचा छेद घेतला तर लसीकापेशींचे नेहमीचे पांढरे पुंजके आढळत नाहीत. शेपटीतून रक्ताचे थोडे थेंब घेऊन सीडी३ (टी पेशींची खूण) आणि सीडी१९ (बी पेशींची खूण) यांच्या प्रतिपिंडांनी रंगवून फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर चालवले, की दोन्ही चौकटी रिकाम्या दिसतात, आणि उंदीर म्हातारा झाला तरी रिकाम्याच राहतात. १९८३ मध्ये बॉस्मा दांपत्याने फिलाडेल्फियात वर्णन केलेल्या ‘स्किड’ या दुसऱ्या प्रतिकारहीन उंदराबद्दल असे म्हणता येत नाही, कारण त्याच्यात वयाबरोबर थोड्या टी आणि बी पेशी डोके वर काढतात. शिवाय स्किडमधील बिघाड डीएनएच्या सर्वसाधारण दुरुस्तीत असल्याने त्याला किरणोत्सर्ग सोसत नाही. रॅग१ उंदराला ही अडचण नाही. बाहेरून सीडी४ प्रकारच्या टी पेशी सोडून आतड्याचा दाह घडवण्याच्या प्रयोगासाठी मी म्हणूनच रॅग१ उंदीर निवडेन.

खरी अडचण तुलनेसाठी कोणता उंदीर घ्यावा, येथे सुरू होते. दोन नॉकआउट उंदरांची जोडी लावली तर सर्व पिल्ले नॉकआउटच निघतात आणि पिंजरे वाचतात, म्हणून बहुतेक प्राणिगृहांना ही पद्धत सोयीची वाटते; मग तुलनेसाठी बाजूच्या खोलीतील किंवा थेट पुरवठादाराकडून आलेले साधे सी५७ब्लॅक६ (प्रयोगशाळेतील नेहमीची जात) उंदीर घेतले जातात. नॉकआउट उंदरांत आयजीए (आतड्यात स्रवणारी) प्रतिपिंडे नसल्यामुळे आतड्यातील जिवाणूंचा समुदायच वेगळा असतो, आणि दिसलेला फरक जनुकाचा की जिवाणूंचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. रॅग१ ची एक प्रत शाबूत असलेल्या उंदराशी नॉकआउटची जोडी लावावी, म्हणजे एकाच वेतातील भावंडे तुलनेला मिळतात. एक प्रत शाबूत असली तरी टी आणि बी पेशी नीट बनतात, त्यामुळे ही भावंडे तुलनेला योग्य ठरतात. अर्धी पिल्ले नॉकआउट निघतील, पिल्लांचे जनुक तपासणाऱ्या पीसीआर चाचणीचा खर्च वाढेल, पण तो करावा.

यातही आई कोणती ठेवायची याला महत्त्व आहे. आईच्या जनुकाची एक प्रत शाबूत असेल तर तिची आयजीजी (रक्तातील मुख्य) प्रतिपिंडे आधी गर्भात आणि नंतर दुधातून पिल्लांच्या रक्तात उतरतात, आणि स्वतः एकही प्रतिपिंड बनवू न शकणाऱ्या कोवळ्या नॉकआउट पिल्लाच्या रक्तजलातही प्रतिपिंडे मोजणारी एलायझा चाचणी आयजीजी दाखवते. अशा वेळी उंदराच्या जातीला दोष देण्यापूर्वी पिल्लाचे वय आणि आईचा जनुकप्रकार पाहावा. लहान वयातील प्रतिपिंडांवरच प्रयोग असेल तर आई नॉकआउट आणि बाप एक प्रत शाबूत असलेला, अशी जोडी मला पटते.

या जातीचा दुसरा दोष कागदपत्रांत दिसतो, पण क्वचितच वाचला जातो. मूळ गर्भपेशी १२९ नावाच्या उंदीरजातीच्या होत्या आणि नंतर अनेक पिढ्या सी५७ब्लॅक६ शी संकर झाला, तरी दुसऱ्या गुणसूत्रावर रॅग१ च्या आसपासचा पट्टा १२९ चाच राहण्याची शक्यता असते. त्याच शेजारात ट्राफ६ हे जन्मजात प्रतिकारातील महत्त्वाचे जनुक आहे. मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. तसेच एनके पेशी (परक्या वा बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या जन्मजात प्रतिकारपेशी) शिल्लक असतात म्हणून त्या अगदी सामान्य असतात, असेही समजू नये. रॅगशिवाय वाढलेल्या एनके पेशी जास्त चिडखोर आणि कमी टिकाऊ असतात, हे २०१४ मध्ये दाखवले गेले आहे. मानवी पेशी रुजवण्यासाठी तर हा उंदीर घेऊच नये, कारण याच एनके पेशी त्या रुजू देत नाहीत.

देखभालीत हयगय चालत नाही. निर्जंतुक पिंजरे, किरणोत्सर्गाने शुद्ध केलेले खाद्य आणि स्वतंत्र हवापुरवठा या किमान गरजा आहेत. नाहीतर न्यूमोसिस्टिस या बुरशीसारखे साधे जंतूही फुप्फुसे घेरतात. भारतात मागवायचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, आयातीचे परवाने आणि विलगीकरणाची खोली यांची सोय आधीच करावी. प्राणिगृहाच्या नेहमीच्या आरोग्य चाचण्या रक्तातील प्रतिपिंडे शोधतात, आणि हा उंदीर ती बनवतच नसल्याने त्याचा अहवाल कायम स्वच्छ येतो. सिडनीतील सेंटेनरी इन्स्टिट्यूटमधील अशाच प्रतिकारहीन उंदरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. त्यामागे आधी माहीत नसलेला पार्व्होविषाणू असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून विष्ठेची आणि मूत्राची पीसीआर तपासणी, तसेच सोबत साधे पहारेकरी उंदीर (संसर्ग झाल्यास प्रतिपिंडे बनवून तो उघड करणारे), एवढी मागणी पुरवठादाराकडे आणि स्वतःच्या प्राणिगृहाकडेही लेखी नोंदवावी.