मोटरहोमची पातळी आणि डिझेलचा हिशेब: सोलापूरहून काही महिन्यांच्या वापरानंतर

फोर्स ट्रॅव्हलरच्या ३३५० मिलिमीटर व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराच्या) चासिसवर बांधून घेतलेल्या आमच्या मोटरहोमने, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीने, आता उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत. अशी गाडी घेऊ पाहणारे परिचित हमखास दोन गोष्टी विचारतात: गाडी सपाट उभी करण्यासाठी काय घ्यावे, आणि ॲव्हरेज किती मिळते? पातळीसाठी घेतलेले प्रत्येक साधन गाडीलाच वाहून न्यावे लागत असल्याने या दोन्ही गोष्टींचा विचार मी एकत्रच करते.

पातळी किती काटेकोर हवी, हे आधी ठरवावे. परदेशी माहितीपत्रकांत गाडी अगदी समतल असण्यावर जो भर असतो, त्यामागे तिथल्या गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचे कारण आहे. त्या फ्रिजमध्ये अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर फिरते आणि गाडी बराच वेळ तिरकी राहिली तर ते अडकून फ्रिज बिघडतो. आपल्याकडे बहुधा बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवतात, आणि त्याला थोड्या उताराने काही होत नाही. मग उरतात झोप, न्हाणीतल्या पाण्याचा निचरा आणि आपोआप उघडणारी कपाटे. डोके पायांपेक्षा खाली गेले की झोप लागत नाही, मात्र उशाची बाजू किंचित वर राहिली तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. न्हाणीचा उतार जाळीच्या दिशेने असला तर थोडा कल उपयोगाचाच ठरतो. एक अंशापर्यंतचा फरक आम्ही तसाच सोडून देतो.

गवंडी वापरतात ती छोटी पाणसळ ओट्यावर एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवली की काम भागते. फक्त बांधणीच्या वेळी ओटा आणि गाडीची मूळ फरशी एकाच पातळीत आहेत ना, हे पाहून घ्यावे. पुढच्या-मागच्या चाकांत ३.३५ मीटर अंतर असल्यामुळे लांबीच्या दिशेने एक अंश सुधारायचा तर सुमारे ६ सेंटिमीटर उचल लागते. डाव्या-उजव्या चाकांतले अंतर त्याच्या साधारण निम्मे असल्याने तिथे ३ सेंटिमीटर पुरतात. यावरून जागा कशी निवडावी तेही कळते: उतार गाडीच्या आडवा येईल अशी गाडी लावली की कमी उंचीच्या ठोकळ्यावर भागते. आमच्या निम्म्या मुक्कामांत तर गाडी नुसती फिरवून लावल्यानेच प्रश्न सुटला.

साधनांपैकी पायऱ्यांचे प्लॅस्टिकचे रॅम्प सर्वांत सोयीचे वाटले. एकाने बाहेर उभे राहून हाताने खूण करायची आणि दुसऱ्याने पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश चढवायचे, म्हणजे चाक पायरीवर नेमके थांबते. नंतर हँडब्रेक ओढून खाली राहिलेल्या चाकांना पाचर लावायची. वखारीतून कापून आणलेल्या बाभळीच्या फळ्याही तितकेच चांगले काम करतात आणि स्वस्त पडतात, पण त्या जड असतात. चार कोपऱ्यांवरचे सिझर जॅक, म्हणजे कात्रीसारखे उघडणारे टेकू, हे गाडी उचलण्यासाठी नसतातच. गाडी चाकांवर समतल झाल्यावर आतल्या चालण्याने जो हेलकावा बसतो, तो थांबवण्यापुरतेच ते टेकवायचे. त्यांच्यावर गाडीचा भार घेतला तर जॅक वाकतो आणि बॉडीलाही पीळ बसतो.

सोलापूर परिसरात मात्र साधनापेक्षा जमीन महत्त्वाची. मुरमाच्या माळावर काही चिंता नसते. काळ्या रानात पाऊस झाला की माती फुगते, मऊ होते आणि रॅम्पची अरुंद कड तिच्यात रुतत जाते. उजनीच्या पाणलोटाजवळ एका शेतात मुक्कामाला असताना रात्री सरी आल्या, तेव्हा संध्याकाळी मधोमध असलेला पाणसळीतला बुडबुडा पहाटे एका टोकाला जाऊन बसला होता. तेव्हापासून रॅम्पखाली दीड फूट चौरस, १८ मिलिमीटर जाडीच्या मरिन प्लायचे तुकडे टाकतो. शहाबादी फरशीचे तुकडे सहज मिळतात खरे, परंतु पोकळ जमिनीवर चाकाचा भार येताच ते तडकतात.

हायड्रोलिक जॅक बटण दाबताच गाडी समतल करतात आणि गुडघेदुखी असणाऱ्यांना ती फार मोठी सोय आहे. जॅक, पंप, तेल आणि बसवण्याचे लोखंड मिळून ५० ते १०० किलोंची भर पडते. त्यामुळे ॲव्हरेज पडेल, या भीतीने बरेच जण ते टाळतात. या भीतीत तथ्य किती, हे मला पाहायचे होते, म्हणून टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर मी लिहून ठेवू लागले. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरलेली असो वा रिकामी, म्हणजे शंभर किलोंचा फरक असो, सपाट महामार्गावर आकड्यांत तो ओळखूच येत नाही. हिशेबाने तो एक-दीड टक्क्यापलीकडे जात नाही. तुळजापूरच्या घाटात किंवा शहरातल्या सिग्नलांवर थोडा जास्त जाणवतो, इतकेच.

फरक पडतो तो वेगाने. पुणे रस्त्यावर ताशी ७५ ते ८० ठेवले तर आम्हाला लिटरला साडेदहा किलोमीटरच्या आसपास मिळतात आणि ९५ वर गेले की तेच साडेआठवर येतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि आमची गाडी म्हणजे छतावर एसी घेऊन निघालेली उभी भिंतच आहे. आषाढात पश्चिमेचा वारा जोरात असतो. तेव्हा पुण्याकडे जाताना तो समोरून लागतो आणि परतताना पाठीशी राहतो, त्यामुळे केवळ एका दिशेच्या आकड्यावरून गाडीला नावे ठेवू नयेत. टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच पाहावी आणि एप्रिल-मेच्या उन्हात धावून आल्यावर दाब वाढलेला दिसला तरी ती सोडू नये. इंजिन चालू ठेवून एसी लावल्यास उभ्या गाडीत तासाला पाऊण ते एक लिटर डिझेल जाते आणि तेही ॲव्हरेजमध्येच मिसळते. म्हणून असे तास मी वेगळे लिहिते.

तरीही आम्ही हायड्रोलिक जॅक घेतले नाहीत आणि त्याचे कारण डिझेल नव्हे. आरसीमध्ये गाडीचे कमाल एकूण वजन नोंदलेले असते, आणि पलंग, बॅटऱ्या, पाणी, माणसे, भांडीकुंडी धरून आपण त्याच्या किती जवळ पोहोचतो, याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीकडे वजनकाट्यावर गाडी आधी पूर्ण भरून तोलली, मग फक्त पुढची आणि नंतर फक्त मागची चाके काट्यावर घेऊन. एकूण वजन मर्यादेत होते, पण मागच्या ॲक्सलवर फारच थोडी सूट शिल्लक राहिली होती. त्यात मागे आणखी लोखंड चढवणे म्हणजे टायर आणि ब्रेक यांच्यावर अन्याय आहे. बांधणीचा आराखडा ठरण्याआधीच हायड्रोलिकचे वजन धरून बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी पुढे सरकवून घेतली असती, तर मी ते निःसंकोच बसवले असते. नव्या खरेदीदारांनी हीच चर्चा बांधणाऱ्याशी कागदावर करावी, आणि गाडी ताब्यात घेताना दोन्ही ॲक्सलच्या वजनाची पावती मागून घ्यावी.