बोटीचा टॅकोमीटर आठ महिने वापरल्यावर: काट्याने दोनदा फसवलं

आमच्या मंडळाची फायबरची बोट आहे. चाळीस एचपी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), तोही जुना घेतलेला. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यापासून पंचगंगेकाठच्या गावात बोट म्हणजे चैन उरलेली नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. आमची गडबड त्याच्या आधीच सुरू होते. मूळ टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे (आरपीएम) ते दाखवणारा मीटर, मेलेलाच होता, म्हणून नोव्हेंबरमध्ये ८५ मिलिमीटरचा काट्याचा नवा मीटर बसवला. जुन्याच भोकात बसला, एवढं काम सोपं झालं.

पहिल्याच दिवशी इंजिन निवांत चालू असताना काटा १३५० वर. आवाजावरून तर ते ९०० च्या आसपास वाटत होतं. थ्रॉटल पूर्ण दिला तर काटा ७००० च्या शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. इंजिन तेवढं फिरलं असतं तर जागेवर राहिलं नसतं. उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या वायरमनचं म्हणणं, "मालक, मीटरच बोगस हाय, परत करा." मीही पार्सल बांधायला घेतलं होतं.

मग मीटरच्या पाठीमागची छोटी फिरकी दिसली. आऊटबोर्डच्या टॅकोमीटरला सिग्नल मिळतो तो चार्जिंगच्या स्टेटरकडून, म्हणजे फ्लायव्हीलखालच्या वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून. फ्लायव्हीलच्या चुंबकांचे जितके पोल, त्याच्या निम्मे पल्स (विजेचे ठोके) एका फेऱ्याला. आमचे पोल १२, म्हणजे सहा पल्स. किती पल्सचा एक फेरा धरायचा ते ठरवणारी ही फिरकी मात्र चारवर होती. सहा भागिले चार, दीडपट. ९०० चे १३५० बरोबर तिथेच झाले. फिरकी सहावर केली, दोस्ताकडून स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा डिजिटल मीटर आणून ताडून पाहिलं. पन्नास आरपीएमचा फरक. एवढा चालतो. कंपनीने हे माहितीपत्रकात एका ओळीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय.

काटा खरा बोलायला लागल्यावर पहिला फायदा पंख्याच्या बाबतीत झाला. चौघे बसून पूर्ण थ्रॉटलला इंजिन ४७०० च्या वर जाईना. याची रेंज ५००० ते ५५००. तेरा पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढे इंच पुढे सरकायला हवा ते) काढून अकराचा लावला, ५०५० मिळाले. इतकी वर्षं आम्ही इंजिनाला कुथवत होतो आणि पेट्रोल जास्त खातं म्हणून कार्बोरेटरला शिव्या घालत होतो.

मार्चमध्ये दुसरं दुखणं. ३००० च्या वर गेलं की काटा थरथरायचा, मध्येच धप्पकन शून्यावर. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा. नदीत जलपर्णी माजलेली, म्हणून आधी तिच्यावर संशय घेतला. पण पंख्यात काही अडकलं तर आवाज बदलतो. मग दारात बॅरलमध्ये इंजिन सोडून बसलो. मीटरच्या जांभळ्या वायरीला चावीबरोबर बारा व्होल्ट येत होते. काळ्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीचा संशय म्हणून मीटरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला तात्पुरती वायर ओढली, फरक नाही. फिरकी दहा-बारा वेळा इकडेतिकडे फिरवली (आतले कॉन्टॅक्ट गंजले असले तर साफ होतात), तरी तेच. राखाडी सिग्नल वायरीच्या टोकाचं थिंबल नवीन मारलं, परत तेच.

शेवटी सहज बॅटरीला मल्टिमीटर लावला. २००० आरपीएमला १२.३ व्होल्ट! इंजिन बंद असतानाही तेवढेच. म्हणजे चार्जिंगच नाही. रेक्टिफायर (स्टेटरची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) काढून मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासला, तर एकाच बाजूने वीज सोडायला हवा असा एक डायोड दोन्ही बाजूंनी पास होत होता. आमच्या इंजिनात टॅकोमीटरची वायर त्याच्याच टोकावरून निघते. डायोड शॉर्ट झाला की सिग्नल बिघडतो आणि काटा नाचतो.

आणि डायोड उडाला कशाने? बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने आवळायची पाकळीची चाकी होती. धक्क्यांनी ती ढिली झाली. चालू इंजिनाला बॅटरी क्षणभर जरी सुटली तरी स्टेटरचा सगळा व्होल्टेज रेक्टिफायरवर येतो. वायरमन म्हणाला, "मोटारसायकलचा रेग्युलेटर टाकू, स्वस्तात काम." पुरात बंद पडलं तर काय करायचं? इंजिनाचाच रेक्टिफायर मागवला, टर्मिनल आत नायलॉनची कडी असलेल्या, ढिल्या न होणाऱ्या नटांनी पाना लावून आवळलं. आता १३.८ व्होल्ट येतात, काटा स्थिर.

मीटरबद्दल तक्रारी दोनच. सकाळी काचेच्या आत वाफ धरते, ऊन चढल्यावर जाते. आणि रात्रीचा दिवा इतका निळा भगभगीत आहे की समोरचं पाणी दिसत नाही. मी त्यावर चिकटपट्टी लावलीय. बॅटरीसाठी वेगळा व्होल्टमीटर मात्र शेजारीच बसवून घ्या, ५२ मिलिमीटरचा पुरतो. आमचा मागच्या आठवड्यात बसवला.