मॅग्नेटिक टॅक्टिक्स बोर्ड: लॅम्पार्ड-जेरार्डला एका टीममध्ये बसवताना

फुटबॉलचे डाव मांडून बघायचा घडीचा मॅग्नेटिक टॅक्टिक्स बोर्ड घेऊन तीन महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा तरी उघडतोच, म्हणून आता लिहायला हरकत नाही. डायरीसारखा मिटतो, बाहेरून रेक्झिन आहे, चेन लावली की आतलं काही सांडत नाही. आत हिरवं मैदान, अकरा लाल चकत्या, अकरा निळ्या, एक छोटा बॉल आणि मार्कर. वस्तू कोच लोकांसाठी बनवलेली आहे, मी काही कोच नाही. भाचा सारखा विचारायचा, "मामा, लॅम्पार्ड आणि जेरार्ड दोघंही एवढे भारी होते, मग इंग्लंडला का नाही जमलं?" आणि नुसतं तोंडी सांगून त्याला ते पटेना, म्हणून घेतला.

प्रश्न बरोबरच आहे त्याचा. २००५ च्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसात, रोनाल्डिन्यो पहिला, लॅम्पार्ड दुसरा, जेरार्ड तिसरा. म्हणजे जगातल्या पहिल्या तिघांतले दोघं एकाच देशाचे मिडफिल्डर, आणि तरी तो देश २००४ च्या युरोत (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि २००६ च्या वर्ल्डकपमध्ये क्वार्टर फायनललाच पोर्तुगालकडून पेनल्टीवर बाहेर.

पहिल्याच दिवशी ४-४-२ लावली, म्हणजे चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड, उजवीकडे बेकहॅम, मधे हे दोघं. बॉल बेकहॅमच्या पायात ठेवला आणि भाच्याला म्हटलं, तू जेरार्ड, मी लॅम्पार्ड, आता आपापला खेळ कर. त्यानं लगेच चकती पुढं सरकवली, मीही सरकवली, आणि दोघं बॉक्सच्या तोंडाशी एकाच जागी पोचलो. या मॅग्नेटचं असं आहे की दोन चकत्या फार जवळ नेल्या की एकमेकींना ढकलतात, बोटाला चक्क जोर जाणवतो. भाचा म्हणाला, "अरे, ही जातच नाहीये तिथं." मी म्हटलं, आता मागं बघ. मागं सेंटर सर्कलपासून आपल्या डिफेन्सपर्यंत सगळं हिरवं, एक माणूस नाही. मग क्लबची टीम लावून दाखवली. चेल्सीत लॅम्पार्ड पुढं सुटला की मागं मॅकेलेले बसलेला, लिव्हरपूलमध्ये जेरार्डच्या मागं हामान नाहीतर झाबी अलोन्सो. दोघांनाही मागं थांबणारा माणूस होता म्हणून ते तेवढे गोल मारायचे, आणि इंग्लंडमध्ये दोघांनी एकमेकांचा मॅकेलेले व्हायचं अशी अपेक्षा. जे मी दोन वर्षं बोलून पटवत होतो ते पोराला पाच मिनिटांत दिसलं, आणि एवढ्यासाठीच माझे पैसे वसूल झाले.

इंग्लंडच्या त्याच टीममध्ये स्कोल्स हा मिडफिल्डरही होता हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, तो कुठं? तर २००४ च्या युरोत कोच एरिक्सननं त्याला डाव्या बाजूला उभा केला. चकती तिथं नेऊन ठेवली की पोटात तुटतं खरंच, बॉल ज्याच्याकडून सुरू व्हायला पाहिजे तो माणूस टचलाइनला, मैदानाच्या कडेला. त्या युरोनंतर त्यानं इंग्लंडसाठी खेळणं थांबवलं.

आता खोट सांगतो, आणि ती चांगलीच खटकते. बोर्डाची घडी नेमकी हाफवे लाइनवर, मैदानाच्या मधल्या रेषेवर आहे. त्या घडीवर मॅग्नेट नीट धरत नाही, चकती तिरकी बसते, बोर्ड जरा उभा धरला की घसरते. म्हणजे जिथं मिडफिल्डर ठेवायचे, सगळा वाद ज्या जागेचा आहे, तिथंच बोर्ड कच्चा. आम्ही सगळ्यांना बोटभर मागंपुढं ठेवतो पण त्यानं चित्र बदलतंच ना. शिवाय चकत्यांवर फक्त नंबर, नावं लिहायला जागा नाही, मी कागदी टेप लावून आडनावं लिहिली. मार्कर ठीक आहे, रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी ओल्या कापडानं घासावं लागतं.

वापरून शिकलेली एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. समोरच्या टीमच्या चकत्या लावल्याच पाहिजेत. सुरुवातीला आम्ही फक्त आपले अकरा लावायचो आणि मग काय, कुठलेही स्टार कुठंही बसतात, सगळंच सुंदर दिसतं. अकरा निळे समोर आले की कळतं कोण कोणाला ओढून नेतोय.

हे सगळ्यात भारी दिसलं ते १९७० च्या वर्ल्डकपमधल्या ब्राझीलमध्ये. पेले, तोस्ताव, रिव्हेलिनो, जेर्सन, झैरझिन्यो, आपापल्या क्लबात हे पाचही जण टीमचा मेंदू असलेले, बॉल पायात मागणारे. कोच झगालोनं पाचही खेळवले. पण तोस्तावला सेंटर फॉरवर्ड केलं, रिव्हेलिनोला डावीकडे, झैरझिन्योला उजवीकडे, जेर्सनला खाली, आणि मागं क्लोदोआल्दो राखणीला. इटलीविरुद्धच्या फायनलचा चौथा गोल आम्ही चकत्यांवर बहुतेक वीस वेळा केला असेल. क्लोदोआल्दो मागं इटलीच्या चौघांना चकवतो, बॉल रिव्हेलिनोकडे, तो लाइनच्या कडेनं झैरझिन्योला देतो, आणि झैरझिन्यो त्या वेळी स्वतःची उजवी बाजू सोडून डावीकडे आलेला असतो. त्याच्यामागं इटलीचा लेफ्ट बॅक फाकेत्तीही आलेला. निळी चकती हातानं एवढी लांब ओढत आणली की उजवीकडचा मोकळा पट्टा डोळ्यात भरतो. पेले थांबतो, न बघता उजवीकडे सोडतो, आणि त्या पट्ट्यातून राइट बॅक कार्लोस आल्बेर्तो धावत येऊन मारतो. टीव्हीवर तो गोल कितीदा पाहिला असेल, पण तो पट्टा कुणी रिकामा केला ते मला चकती ओढल्यावर नीट कळलं.

त्याच स्पर्धेत इटलीकडे मात्झोला आणि रिव्हेरा असे दोन स्टार होते. कोच वाल्कारेज्जीनं एकाला पहिला हाफ दिला, दुसऱ्याला दुसरा, आणि फायनलला रिव्हेरा शेवटची सहा मिनिटं आला. मला हा मार्ग बिलकुल आवडत नाही.

बोर्ड काय दाखवत नाही तेही सांगतो. २००७ ला वेम्बलीवर क्रोएशियाविरुद्ध इंग्लंडला पुढच्या युरोत जायला नुसता ड्रॉ पुरला असता, तेव्हाचा कोच मॅकक्लॅरेननं जेरार्ड-लॅम्पार्डसोबत बॅरीलाही घेतला, चकत्यांवर ते मिडफिल्ड बरं दिसतं. तरी ३-२ हरले, कारण आठव्याच मिनिटाला क्रान्चारचा लांबून मारलेला बॉल टप्पा पडून इंग्लंडचा गोलकीपर कार्सनच्या हातून आत गेला. पाय थकणं, बॉलचा टप्पा, घाबरणं, यातलं काही चकतीत येत नाही.

घ्यायचा का? घ्या, पण घडीचा नको, एकसंध पत्र्याचा बघा, पिशवीत मावला नाही तरी चालेल. आमच्याकडे सध्या २०२४ च्या युरोतला इंग्लंड लावलेला आहे. फोडेन डावीकडून आत येतो, बेलिंगहॅम मधे, केनही खाली येतो, मागं लेफ्ट बॅकला ट्रिपिअर उजव्या पायाचा, त्यामुळं डावी कडा पूर्ण हिरवी राहते. भाच्यानं काल फोडेनची चकती उचलून सरळ बाहेर ठेवली आणि डाव्या पायाचा कोणीतरी टचलाइनला चिकटवला. मी ती परत आत ठेवली. आज शाळेतून आला की परत बसणार आहोत.