छाया गोळी: चार स्टार, एक पाळीच्या हिशोबापायी कापला

दुसऱ्या लेकरानंतर आशाताईनं दिवस न राहण्यासाठीच्या छाया गोळीची पट्टी आणून दिली, तवापासून हीच घेऊन राहिली म्हणून लिहिते. आठ गोळ्यांची पट्टी, उपकेंद्रात फुकट. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मी रविवार-बुधवार धरला होता, मग आठवड्याले एकच. हार्मोन नाहीत, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईलेही चालते. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं शोधलेली गोळी आहे, 1991 पासून सहेली नावानं मेडिकलमधे मिळते, तरी आमच्या गावात निम्म्या बायांनी नाव ऐकलं नाही.

खरं तर मले तांबी बसवायची होती. पण जाऊ म्हणे सुरुवातीले अंगावरून जास्त जाते, महालक्ष्म्यांच्या टायमाले काय करशील? आमच्या घरी अजूनही बाजूला बसा लागते, जरासा डाग दिसला की देवघर बंद, सैपाक बंद. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यातून एकदा, पण त्यातही मधेच डाग नाहीतर पाळीच गायब, अन् सासूबाई म्हणतात घाण आतच साचते. काही साचत नाही हो, आतलं अस्तरच वाढत नाही, पण हे घरात समजावणार कोण!

छायानंही कधीकधी पाळी लांबते, अन् आमचं बाजूला बसणं आख्ख्या घराले दिसते, तं नाही बसली तेही दिसते. चार दिवस वर झाले की सासूबाई लगेच, "काय वं, गोड बातमी हाय का?" पंधरा दिवसांवर गेलं तर टेस्ट करून घ्या, किट आशाताईकडे असते.

जपानमधे रोजच्या गोळीले 1999 साली परवानगी भेटली, तिथं निरोधच जास्त चालतो म्हणे. इकडे नवऱ्याले निरोध म्हणून पाहा! 2019-21 च्या सरकारी सर्वेत देशात लग्न झालेल्या शंभरातल्या जवळपास 38 बायांचं ऑपरेशन झालेलं, अन् पुरुष नसबंदी 0.3 टक्के. कापूस वेचणीच्या सीझनमधे ऑपरेशन करून कोणी झोपून राहावं हे ठरलेलंच आहे.

गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, सात दिवसांच्या वर गेलं तर परत आठवड्यातून दोनदापासून सुरू. अंडाशयात गाठी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरले विचारा. अन् एक पट्टी जास्तीची मागून ठेवा, स्टॉक कधी संपेल नेम नाही.