चार फुटी फिश टँकचा स्टँड: सागवानाची चौकट की मरीन प्लायचं कपाट?

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक काठोकाठ भरला तर ३४० लिटर पाणी मावतं. म्हणजे ३४० किलो. १० मिमी काचेचे साधारण ६५ किलो, वाळू-दगडांचे ३०-४०. सगळं मिळून साडेचारशे किलोच्या घरात, आणि तेही फक्त सहा चौरस फुटांवर. हा आकडा मनात पक्का करा आणि मगच सुताराला फोन लावा.

दुकानात तयार मिळणारे पार्टिकल बोर्डचे स्टँड या मापाला नकोच. हे मी भोगलेलं आहे. ऐरोलीच्या घरात आमचा पहिला मोठा टँक असल्याच स्टँडवर होता. फिल्टरच्या पाइपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जुलैत दार घासायला लागलं. खाली वाकून पाहिलं तर तळाची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगलेली. टँकमध्ये पाण्याची पातळी डावीकडे वरच्या कडेपासून दोन बोटं खाली होती, उजवीकडे तीन. रात्री साडेअकराला आम्ही दोघांनी बादल्यांनी टँक उपसला. मासे पिंपात ठेवले आणि एअर पंप रात्रभर चालू ठेवला. काच वाचली. पण स्टँड एका कोपऱ्यात खचला की काचेला पीळ पडतो आणि सगळा ताण सिलिकॉनच्या जोडांवर येतो, हे त्या रात्री नीट कळलं.

आता खरी निवड दोन गोष्टींत.

मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवुड, घ्यायचा तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचा गोंद तपासतात. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात त्यावर जाऊ नका. १८ मिमीच्या आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये दारांसकट अख्खा स्टँड होतो. प्लायचा मोठा फायदा म्हणजे मागची अखंड फळी. साडेचारशे किलो नुसते खाली दाबत असतील तर ते पेलणं अवघड नसतं. स्टँड जातो तो बाजूला झोके खाऊन, आणि मागची फळी नेमका तो झोका थांबवते. शिवाय आत फिल्टर, संप (टँकखाली ठेवतात ती फिल्टरची टाकी), वायरी सगळं झाकलं जातं.

पण इथे सुताराशी थोडं बोलावं लागतं. किचनची कपाटं करून करून त्याच्या हाताला सवय झालेली असते: दोन बाजूंच्या मध्ये वरची फळी घालायची आणि बाहेरून स्क्रू मारायचे. असं केलं की टँकचं वजन स्क्रूंवर लटकतं. वरची फळी बाजूंच्या डोक्यावर बसली पाहिजे. मधोमध एक उभी फळी हवी आणि तिन्ही उभ्या फळ्या दुहेरी हव्यात. स्क्रूचं काम फळ्या जागेवर धरून ठेवण्याचं, वजन मात्र लाकडातून थेट जमिनीत उतरलं पाहिजे. आमच्या सुतारकाकांना मी वहीत चित्र काढून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे भिंतीवर स्लॅब बसतो तसं.” अगदी तसंच. प्लायच्या कापलेल्या कडांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात आठवणीने द्यायला लावा, पाणी शिरतं ते तिथूनच.

सागवानाच्या चौकटीला ३ बाय ३ इंचाचे सहा पाय आणि ४ बाय २ च्या आडव्या पट्ट्या धरल्या तर अडीच-तीन घनफूट लाकूड लागतं. नवं सागवान महागच पडतं. मला जुनं लाकूड जास्त भरवशाचं वाटतं. ठाण्यात नौपाड्यासारख्या भागात जुन्या इमारती पाडून नव्या होतात, त्यांच्या दारांच्या सागवानी चौकटी वखारीत येतात. अनेक वर्षं वाळलेलं ते लाकूड आता आकसत नाही की पिळत नाही. ओलसर नवं लाकूड मात्र स्टँड उभा झाल्यावर वाळतं आणि जोड ढिले करतं. जुन्या लाकडातले खिळे तेवढे काढून घ्या.

जोड कुसू आणि खाचेचा, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा, करायला सांगा, वरची पट्टी पायाच्या डोक्यावर किंवा पायात घेतलेल्या खाचेत टेकू दे. आणि मागे एक तिरकी पट्टी हवीच, कारण नुसती चौकट झोका थांबवत नाही.

भाड्याच्या घरात राहत असाल तर माझा कौल सागवानाला. प्लायचा स्टँड दोनदा सोडवून जोडला की कडेतले स्क्रू पकड सोडतात, कुसूचे जोड कितीतरी बदल्या काढतात. स्वतःच्या घरात, संपसकट कायमचा टँक लावायचा असेल तर प्लाय. खर्चातही तो नव्या सागापेक्षा हलका.

लोखंडी चौकोनी पाइपचा स्टँड सहा फुटी टँकसाठी मी नक्की विचारात घेईन. वाशी-ऐरोलीच्या खाडीकडच्या हवेत मात्र रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) आणि पाइपांची बंद तोंडं यांत हयगय चालत नाही.

वाळवीची भीती असेल तर पेस्ट कंट्रोल टँक आणण्याआधी उरका. त्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड औषधं माशांना फार विषारी असतात. पॉलिशचा वासही पूर्ण जाऊ द्या.

जमिनीचंही बघावं लागतं. राहत्या खोलीचा स्लॅब धरताना आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलो भार धरलेला आहे. टँकखाली तो ८०० च्या आसपास जातो. पण दहा बाय बाराच्या खोलीचा एकूण हिशोब दोन टनांच्या वर होतो, त्यामुळे धडधाकट इमारतीत, खाली बीम असलेल्या भिंतीला लागून चार फुटी टँक सहसा चालतो. इमारत जुनी असेल किंवा पावसाळ्याआधी महापालिका काढते त्या धोकादायक इमारतींच्या यादीत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

बाल्कनीजवळच्या फरशीला उतार असतो. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून बघा आणि पाचर स्टँडच्या पायाखाली द्या, काचेखाली कधीच नाही. मग टँक एक तृतीयांश भरून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजा. मापं सारखी आली तर उरलेलं पाणी भरा.