मागच्या ओट्यावर सावली: शेडनेट की पत्रा?

फक्त उन्हासाठी सावली हवी असेल तर शेडनेटच घ्या. बसायच्या जागेला 75 टक्के सावलीची जाळी पुरते. 50 टक्क्यांची रोपांना ठीक, माणसांना नाही. जाळीतून वारा खेळतो, त्यामुळे मे महिन्यातही खाली बसवतं. जाळी फाटते ती बहुतेक वेळा कडेला, कारण बाइंडिंगची तार थेट विणीत ओवलेली असते. कड दुमडून शिवून घ्या, दर फुटाला आयलेट (दोरी ओवायच्या भोकाला बसवतात ती कडी) मारा आणि नायलॉनच्या दोरीने ताणून बांधा. सैल जाळी वाऱ्यात फडफडून पाइपावर घासते आणि तिथेच विरते. पावसाळ्याआधी उतरवून ठेवली तर जास्त टिकते.

पाऊसही अडवायचा असेल तर पत्र्याला पर्याय नाही. पण दुपारी तो तापतो आणि खाली धग मारतो, म्हणून उंची साडेनऊ-दहा फूट ठेवा, बाजू मोकळ्या सोडा. उतार 10 फुटांना 1 फूट. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह. जास्त आवळला की वॉशर चेपून फाटतो आणि पहिल्याच पावसात गळती. वारा पत्रा खालून उचलतो, तेव्हा खांब नुसते फरशीवर टेकवू नका, काँक्रीटमध्ये गाडा.