गिट लॉग की गिट ब्लेम?

सोलापुरात चादरींच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, कराचा हिशोब कुणी बदलला हे गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) लॉगमध्ये बघू की ब्लेममध्ये?

झटपट उत्तर ब्लेम देतो: प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख. पण तो शेवटचाच हात दाखवतो. कुणी नुसत्या मोकळ्या जागा सरकवल्या तरी त्याचंच नाव येतं, म्हणून मोकळ्या जागांचे बदल वगळणारा डॅश डब्ल्यू हा पर्याय लावावाच. खोडलेली ओळ तर तिथे दिसतच नाही.

लॉग म्हणजे कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची यादी; त्यात वाचन जास्त. पण डॅश पी लावलं की प्रत्येक कमिटमधला फरक उलगडतो आणि डॅश एस, तोही कॅपिटल, एखादा शब्द कधी आला नि कधी गेला ते शोधून देतो. माझा भरवसा यावरच.

समोरच्या ओळीबद्दल पटकन विचारायचं असेल तर ब्लेम पुरे. ओळच गायब असेल किंवा बदलांची साखळी हवी असेल, तर लॉग. तुझ्या कराच्या हिशोबाला लॉगच लाव.